ग्रंथमितीचा लेख पुन्हा करून पाहिला तर तेच आकडे यायला नकोत का?

शब्दखूण

नमस्कार मंडळी. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. अलीकडे पीएचडीचे विद्यार्थी आणि तरुण प्राध्यापक एकच मागणी घेऊन येतात. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या संशोधन-लेखांच्या विदागारांमधून (डेटाबेसमधून) अमुक विषयावरच्या लेखांची यादी काढून द्या, त्यावर ग्रंथमितीचा, म्हणजे लेखांची मोजदाद करून विषयाचा आढावा घेणारा, लेख लिहायचाय. कोणत्या देशातून किती लेख आले, कोणाला सर्वाधिक सायटेशन्स (इतर लेखांतले उल्लेख) मिळाली, कोणते शब्द जोडीनं येतात, आणि शेवटी रंगीत गोळ्यांचा नकाशा.

यंदा मुलांना पद्धत शिकवावी म्हणून सेंद्रिय शेतीवरचा एक प्रकाशित लेख निवडला. म्हटलं, यातलाच शोध आपण पुन्हा करू. पद्धतीबद्दल त्यात जेमतेम दोन वाक्यं: विदा (डेटा) स्कोपसमधून घेतली, विश्लेषण व्हॉसव्ह्यूअर या नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. शोधवाक्य काय होतं, ते शीर्षकात शोधलं की सारांशातही, कोणत्या तारखेला, परिषदांमधले निबंध धरले की वगळले, यातलं काहीच नाही. सुचतील त्या सगळ्या शक्यता करून पाहिल्या. लेखातल्या आकड्याच्या जवळपासही पोचलो नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असं का होतं? आणि विद्यार्थ्याच्या लेखात किमान काय असलंच पाहिजे असा आग्रह धरावा? माझं मत आधीच सांगते: जो लेख दुसऱ्याला करून पाहता येत नाही तो संशोधन म्हणून छापू नये.

रानवारा

विषय पूर्ण नवीन आहे, म्हणून साधा प्रश्न. मोजणी तर संगणक करतो. त्यात मतमतांतराला जागा कुठून आली?

विदासेवक

@रानवारा, मोजणी शेवटी येते. काय मोजायचं हे माणूस ठरवतो, आणि घोळ तिथेच आहे.

सेंद्रिय शेतीचंच उदाहरण घ्या. 'ऑरगॅनिक फार्मिंग' हे शब्द अवतरणचिन्हांत टाकले तर स्कोपस ते सैलपणे जुळवतं, अनेकवचनं वगैरे धरतं. महिरपी कंसात टाकले तर तंतोतंत तेच शब्द शोधतं. 'ऑरगॅनिक अ‍ॅग्रिकल्चर' जोडलं की आकडा आणखी बदलतो. शोध शीर्षकापुरता की शीर्षक, सारांश आणि कीवर्ड्स मिळून, यानं तर कित्येक पटींचा फरक पडतो. शिवाय स्कोपसच्या कीवर्ड्समध्ये लेखकानं दिलेल्यांबरोबर विदागारानं स्वतः लावलेलेही असतात.

वेब ऑफ सायन्समध्ये याहून फसवी गोष्ट आहे. तिथे 'टॉपिक' शोधात कीवर्ड्स प्लस नावाचं एक खातं धरलं जातं. हे शब्द लेखकानं दिलेले नसतात. त्या लेखाच्या संदर्भसूचीत जी शीर्षकं असतात, त्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द यंत्रानं उचललेले असतात. म्हणजे लेख रासायनिक खतांचा असला तरी त्याच्या संदर्भसूचीत सेंद्रिय शेती असेल तर तो तुमच्या जाळ्यात येऊ शकतो. बहुतेक लेखांत हे शब्द तपासून काढून टाकल्याचा उल्लेखच नसतो.

शब्दखूण, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

मैत्रेयी_प

उरलेल्या अर्ध्याबद्दल मी लिहिते. नेदरलँड्समध्ये विज्ञानधोरणावर काम करते, त्यामुळे याच्याशी रोजचा संबंध.

'विदा वेब ऑफ सायन्स कोअर कलेक्शनमधून घेतली' हे वाक्य पुरेसं वाटतं, पण पुरेसं नाही. कोअर कलेक्शन ही एकच वस्तू नाही, बऱ्याच सूचींचा संच आहे: विज्ञानाची, समाजशास्त्रांची, कला-मानव्यविद्यांची, २०१५मध्ये आलेली 'इमर्जिंग सोर्सेस', परिषदांची, पुस्तकांची. प्रत्येक संस्था आपल्या ऐपतीप्रमाणे यातल्या काही विकत घेते आणि मागची किती वर्षं हवीत तेही ठरवते. दोन विद्यापीठांत बसून, त्याच दिवशी, तेच शोधवाक्य टाकलं तरी उत्तर वेगळं येतं, आणि पडद्यावर दोन्हीकडे नाव कोअर कलेक्शनच! वेइशू लिऊ यांनी २०१९मध्ये 'सायंटोमेट्रिक्स' नियतकालिकात नेमकं हेच मांडलं होतं की एवढाच उल्लेख पुरत नाही, कोणत्या उपसूची आणि कोणत्या वर्षांपासून हे लिहायलाच हवं.

शिवाय विदागार स्थिर नसतं. जुने अंक मागाहून भरले जातात, काही नियतकालिकं काढून टाकली जातात, चुका दुरुस्त होतात. सायटेशन्स तर रोज वाढतात. म्हणून तारीख हवी.

डॉक्टरकाका

वैद्यकात हे भांडण आम्ही आधीच करून बसलोय. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी, म्हणजे एका प्रश्नावरच्या अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यासाठी, काय काय नोंदवायचं याची प्रिझ्मा ही यादी आहे, २०२०ची आवृत्ती २७ मुद्द्यांची. नुसता शोध कसा नोंदवायचा यासाठी २०२१मध्ये प्रिझ्मा-एस आली, १६ मुद्द्यांची. त्यात प्रत्येक विदागाराचं शोधवाक्य जसंच्या तसं, कॉपी-पेस्ट करून द्यायला सांगितलंय. ग्रंथमितीवाले प्रिझ्माची चौकटींची आकृती उचलतात, पण शोधवाक्य देत नाहीत. आकृतीत वरून इतके आले, इतके गाळले, इतके उरले. आणि का गाळले ते दोन शब्दांत, 'अप्रस्तुत म्हणून'. कोणी ठरवलं अप्रस्तुत? एकानं की दोघांनी स्वतंत्रपणे? मतभेद झाले तर काय केलं?

जैववैद्यकीय ग्रंथमितीसाठी २०२३मध्ये बिब्लिओ नावाची २० मुद्द्यांची प्राथमिक मार्गदर्शिकाही आली आहे. शब्दखूणताई, ती छापून विद्यार्थ्यांपुढे ठेवा.

अनिकेत_सां

थोडा विरोधी सूर लावतो. मी व्यवस्थापनशास्त्रात पीएचडी करतोय आणि असा लेख लिहिलाय.

पहिलं म्हणजे शब्दमर्यादा. पानभर शोधवाक्य छापायला संपादक तयार नसतात. दुसरं, अशा लेखाचा हेतू अमुक विषयात अमुक इतकेच लेख आहेत हे सिद्ध करणं नसतो. नव्या माणसाला त्या क्षेत्राचा अंदाज यावा, मुख्य प्रवाह दिसावेत, एवढंच. शंभरेक लेख इकडचे तिकडे झाले म्हणून चीन पहिल्या क्रमांकावरून खाली येणार आहे का? आणि तिसरं, आमच्यावर प्रकाशनांचा दबाव आहे. प्रयोगशाळा नाही, सर्वेक्षणाला पैसे नाहीत. हातात विदागार आहे तर त्यावर काम केलं, यात गैर काय?

पाटीलबाई

अनिकेत, दबावाचं पटतं. पण 'मुख्य प्रवाह दिसावेत' म्हणता, तर त्या प्रवाहात माणसं कोण आहेत हे तरी बरोबर दिसायला हवं ना?

आपली नावं बघा. पाटील एस., कुलकर्णी ए., जाधव आर. एका विषयात असे किती असतील! महाराष्ट्रातले सगळे 'पाटील एस.' यंत्राला एकच वाटले तर मृदाशास्त्रापासून हृदयरोगापर्यंत सगळं कोळून प्यायलेला एकच थोर संशोधक निघेल. उलटही होतं. एकच बाई लग्नाआधी एका नावानं, नंतर दुसऱ्या नावानं, कधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर घालून, कधी पतीच्या, की तिचे तीन तुकडे. आणि मग 'सर्वाधिक लेख लिहिणारे दहा लेखक' असा तक्ता छापतात.

संस्थांचंही तेच. पुण्याचं विद्यापीठ १९४९मध्ये स्थापन झालं तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ पूना, पुढे युनिव्हर्सिटी ऑफ पुणे, २०१४पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. शिवाय एसपीपीयू असं संक्षिप्त लिहिणारे आहेतच. ही नावं एकत्र न करता क्रमवारी लावली तर ती क्रमवारी विद्यापीठाची नसते, स्पेलिंगची असते. एकत्र केली असतील तर कशी केली ते सांगा. व्हॉसव्ह्यूअरमध्ये त्यासाठी थिसॉरस फाइल देता येते, साधी दोन रकान्यांची मजकूर-फाइल. ती सोबत जोडायला काय हरकत आहे?

रानवारा

'क्रमवारी स्पेलिंगची' हे पटकन कळलं. धन्यवाद पाटीलबाई.

आकडेमोड

अनिकेतच्या दुसऱ्या मुद्द्यावर बोलायचंय, कारण तो या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे.

ते म्हणतात, आकडा थोडा हलला तरी चित्र तेच राहतं. राहत असेल. पण हे गृहीत धरायचं नसतं, दाखवायचं असतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचीच विदा आणि तुमचीच पद्धत वापरून मला तुमचाच आकडा मिळतो का, ही एक. थोड्या वेगळ्या निवडी केल्या तरी तुमचा निष्कर्ष टिकतो का, ही दुसरी. पहिली तर किमान सचोटी आहे. दुसरी खरी शास्त्रीय कसोटी. चीन पहिला येतो हे बहुधा टिकेल. 'या क्षेत्रात पाच विषयगट आहेत' हे टिकेल का? मला दाट शंका आहे.

ते पाच गट कुठून आले बघा. व्हॉसव्ह्यूअरमध्ये रिझोल्यूशन नावाची एक संख्या असते, मुळात १ ठेवलेली. ती वाढवली की गट वाढतात, कमी केली की घटतात. कीवर्ड किमान किती वेळा यायला हवा याचा उंबरठा मुळात ५ असतो. तो १० केला की अर्धा नकाशा बदलू शकतो. शीर्षक-सारांशातल्या संज्ञांचा नकाशा काढताना 'सर्वाधिक प्रस्तुत' ६० टक्के संज्ञाच ठेवल्या जातात. सहलेखनाच्या नकाशात २५हून जास्त लेखक असलेले लेख वगळण्याची सोय असते. अनेक लेखकांच्या लेखाचं श्रेय प्रत्येकाला पूर्ण द्यायचं की वाटून, म्हणजे पूर्ण मोजणी की अपूर्णांकी मोजणी, हाही निर्णयच. एवढे सगळे निर्णय सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी सोयीसाठी घेऊन ठेवले, लेखकानं ते न बघता 'पुढे' बटण दाबलं, आणि लेखात लिहिलं की या क्षेत्रात पाच विचारप्रवाह आढळतात. आढळतात कुठे? ते त्या संख्येनं पाडलेले आहेत.

गट पाडण्याच्या पद्धतीतही खाचखळगे आहेत. लूव्हाँ ही लोकप्रिय पद्धत घ्या. ट्राग, वाल्टमन आणि व्हॅन एक यांनी २०१९मध्ये दाखवलं की तिनं पाडलेल्या गटांपैकी काही वेळा २५ टक्क्यांपर्यंत गट आतून नीट जोडलेले नसतात आणि १६ टक्क्यांपर्यंत तर सरळ तुटलेले असतात. त्यावर त्यांनी लायडन नावाची सुधारित पद्धत दिली. यातल्या वाल्टमन आणि व्हॅन एक यांनीच व्हॉसव्ह्यूअर बनवलंय. म्हणजे ज्यांनी साधन बनवलं ते इतके जागरूक आहेत, आणि वापरणारे आवृत्तीचा क्रमांकही लिहीत नाहीत.

विदासेवक

आकडेमोड यांना +१.

त्यात आणखी एक भर. बहुतेक लेखांत वर्षागणिक लेखसंख्येचा चढता आलेख असतो आणि खाली वाक्य: 'या विषयातील रस झपाट्याने वाढत आहे.' पण विदागारच वाढतंय ना! २०१५मध्ये 'इमर्जिंग सोर्सेस' आल्यावर हजारो नियतकालिकं एकदम आत आली. जवळजवळ कोणताही विषय घ्या, आलेख चढताच दिसणार. त्या वर्षी विदागारात एकूण किती लेख होते, त्यातला या विषयाचा वाटा किती, हे काढल्याशिवाय वाढीबद्दल बोलूच नये. आणि शोध जूनमध्ये केला असेल तर शेवटचा बिंदू खाली येतो, त्यावरही 'अलीकडे रस ओसरला आहे' असं लिहिलेलं वाचलंय. वर्षच अर्धं आहे!

गोदाकाठ

धागा वाचून फार बरं वाटलं. मी ग्रंथालयशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक.

हा विषय आपल्याला परका नाही. १९४८मध्ये इंग्लंडात लेमिंग्टन स्पा इथे ॲस्लिबच्या परिषदेत डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली आणि तिला लायब्रमेट्री म्हटलं. 'बिब्लिओमेट्रिक्स' हे नाव प्रिचर्ड यांनी इंग्रजीत रूढ केलं ते १९६९मध्ये. त्याही आधी लोट्का यांनी १९२६मध्ये लेखकांच्या उत्पादकतेचा नियम (मोजके लेखक पुष्कळ लिहितात, बहुतेक जण एखादाच लेख) मांडला, ब्रॅडफर्ड यांनी १९३४मध्ये नियतकालिकांमधल्या विखुरलेपणाचा. ही माणसं हातानं मोजत होती आणि काय मोजलं ते लिहीत होती. लोट्कांनी कोणती सूची घेतली, त्यातली कोणती आडनावं मोजली, हे आजही वाचायला मिळतं. माझ्या पिढीनं डॉक्युमेंटेशनच्या वर्गात सूचीपत्रं मांडून हेच केलं. साधनं गरीब होती, पण प्रत्येक पायरी वहीत असायची.

आज लोट्काचा नियम 'लागू पडतो' असं लिहितात आणि तो खरंच बसतो का याची चाचणी देत नाहीत. नियमाच्या सूत्रातला घातांक काय आला, कोणत्या पद्धतीनं काढला, काही नाही. अनिकेत, तुमच्यावरच्या दबावाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तो दबाव आम्ही ज्येष्ठांनी आणि व्यवस्थेनं निर्माण केला. पण त्याचं ओझं वाचकाच्या माथी मारता येणार नाही.

सह्यकडा

थोडं अवांतर, पण संबंधित. या दबावाचा इतिहास पुण्यातूनच गेलाय. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य नियतकालिकांची यादी आली २०१७मध्ये. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला. २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये तो अभ्यास आला: तपासलेल्यांपैकी ८८ टक्के नियतकालिकं निकृष्ट ठरली. त्यानंतर २०१९मध्ये यूजीसी-केअर ही नवी यादी सुरू झाली, तिचा कक्ष पुणे विद्यापीठातच होता. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ती यादीही बंद करण्यात आली.

मला त्या अभ्यासाचं महत्त्व वेगळ्या कारणानं वाटतं. त्यांनी निकष आधी सांगितले: संकेतस्थळावर खरा पत्ता आहे का, संपादक मंडळाची माहिती आहे का, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) बरोबर आहे का. ते निकष घेऊन कोणीही बसू शकतो आणि तपासू शकतो. म्हणून त्या ८८ टक्क्यांना वजन आलं.

अनिकेत_सां

आकडेमोड, रिझोल्यूशनचा मुद्दा मान्य. गटांच्या संख्येवर मी भर द्यायला नको. पण एक अडचण खरी आहे. समजा मला सगळी विदा खुली करायची आहे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सच्या परवान्यात ती जशीच्या तशी वाटायला बंदी आहे. मग पुन्हा करून पाहणार कसं? आणि ज्या महाविद्यालयाकडे सदस्यत्वच नाही, तिथल्या माणसानं काय करायचं?

मैत्रेयी_प

अनिकेत, हा प्रश्न या क्षेत्रातल्या मोठमोठ्या लोकांनाही छळत होता. २०१९च्या जानेवारीत 'जर्नल ऑफ इन्फॉर्मेट्रिक्स'च्या अख्ख्या संपादक मंडळानं राजीनामा दिला. त्यांच्या मागण्यांमध्ये संदर्भसूच्यांची विदा खुली करावी ही एक होती, आणि प्रकाशक एल्सव्हियर, म्हणजे स्कोपसचेच मालक. ते सगळे बाहेर पडले आणि 'क्वांटिटेटिव्ह सायन्स स्टडीज' हे नवं, सर्वांना खुलं नियतकालिक सुरू केलं. आपल्याच विषयाची विदा बंद ठेवून विज्ञानाचं मोजमाप करणं त्यांना मान्य नव्हतं.

आता मार्ग आहेत. परवाना असलेली विदा वाटता येत नाही, पण लेखांच्या डीओआय क्रमांकांची (प्रत्येक लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) यादी देता येते. तिच्यावरून दुसरा माणूस तोच संच उभा करू शकतो, निदान तपासू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे खुलं विदागार ओपनअ‍ॅलेक्स. मायक्रोसॉफ्ट अकॅडेमिक ग्राफ हे मायक्रोसॉफ्टचं असंच विदागार २०२१च्या अखेरीस बंद झाला, त्याच्या पाठोपाठ जानेवारी २०२२मध्ये हे सुरू झालं. सगळी विदा मुक्त परवान्याखाली, आणि त्या त्या वेळची पूर्ण प्रत उतरवून घेता येते. म्हणजे 'मी अमुक महिन्याची प्रत वापरली' असं सांगता येतं आणि दुसऱ्यालाही तीच प्रत वापरता येते. विद्यापीठांच्या लायडन क्रमवारीची खुली आवृत्ती जानेवारी २०२४मध्ये याच विदेवर आली. पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठानं वेब ऑफ सायन्सचं सदस्यत्व सोडून इकडे वळायचं ठरवलं.

आकडेमोड

ओपनअ‍ॅलेक्स चांगलंच, पण त्यात संस्थांची नावं रिकामी असतात, लेखाचा प्रकार चुकीचा लागलेला असतो, भाषेच्या नोंदी घसरतात. खुली विदा म्हणजे स्वच्छ विदा नव्हे.

मैत्रेयी_प

बरोबर. फरक एवढाच की तिथली चूक मला दिसते, मोजता येते आणि कळवताही येते.

झाडीबोली

सगळ्यांनी इंग्रजी लेखांबद्दल लिहिलं. मराठीतून जे संशोधन होतं, इतिहासाचं, लोकसाहित्याचं, संतसाहित्याचं, ते या विदागारांत जवळजवळ नाहीच. तरी 'वारकरी संप्रदायावरील संशोधनाचा ग्रंथमितीय आढावा' असा विषय कोणी घेतला तर स्कोपसमध्ये प्रामुख्यानं परदेशी विद्यापीठांतले इंग्रजी लेख सापडणार आणि निष्कर्ष निघणार की या विषयावर भारतात फार काम नाही. पुन्हा करून पाहिलं तर तोच निष्कर्ष तंतोतंत मिळेलही! तो पद्धतशीरपणे चुकीचा असेल. म्हणून आपल्या संचात काय येऊच शकत नाही, हेही लिहायला लावा. संशोधनाच्या मोजमापाबद्दलच्या २०१५च्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांत स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपावं असं एक तत्त्व आहेच.

गोदाकाठ

झाडीबोली, लाख बोललात. पीएचडीच्या मौखिक परीक्षेत मी हाच प्रश्न विचारत असे: तुमच्या यादीत कोण नाही?

डॉक्टरकाका

दोन विदागारं एकत्र करणाऱ्यांना एक सूचना. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये संदर्भसूची लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. दुहेरी नोंदी काढल्या तरी एकच संदर्भ दोन रूपांत उरतो, आणि सह-उद्धरणाचा (कोणते दोन संदर्भ एकत्र दिले जातात याचा) नकाशा तिथेच फसतो. एकत्र केल्यानं व्याप्ती वाढते हे खरं, पण दुहेरी नोंदी डीओआयवरून काढल्या की शीर्षकावरून, आणि डीओआय नसलेल्यांचं काय केलं, हे कळलं पाहिजे.

शब्दखूण

इतकं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं. सर्वांचे मनापासून आभार.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या धाग्यातूनच मिळालं. पुढच्या सत्रापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगणार आहे की शोधवाक्य कंसांसकट जसंच्या तसं, शोधाची तारीख, विदागाराच्या कोणत्या उपसूची आणि कोणत्या वर्षांपासून, गाळणीची कारणं आणि गाळणारे कोण, नावं जुळवल्याची फाइल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि त्यातल्या सगळ्या सेटिंग्ज, डीओआयची यादी, हे परिशिष्टात हवंच. अनिकेत म्हणतात तशी शब्दमर्यादा असेल तर लेखाबाहेर ठेवा, पण ठेवा. आणि आकडेमोड यांच्या सांगण्याप्रमाणे उंबरठा आणि रिझोल्यूशन बदलून निदान दोन नकाशे आणखी काढायचे, जे तिन्हींत टिकेल तेच निष्कर्षात लिहायचं. झाडीबोली आणि गोदाकाठ यांचा 'यादीत कोण नाही' हा परिच्छेद मी सक्तीचा करणार. हे नसेल तर विदा काढून देणार नाही, कोणी कितीही मोठ्या पदावरचा असो.

एकच शंका उरली. हे परिशिष्ट ठेवायचं कुठे? महाविद्यालयाचं संकेतस्थळ बदललं की दुवे मरतात.

विदासेवक

झेनोडो या ऑनलाइन विदा-कोठारात ठेवा. फुकट आहे, युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेकडून चालवलं जातं, प्रत्येक ठेवीला स्वतःचा डीओआय मिळतो आणि एका ठेवीत ५० जीबीपर्यंत मावतं. तुम्हाला काही एमबीही लागणार नाहीत. पुढे दुरुस्ती केलीत तर नवी आवृत्ती चढवता येते, जुनीही तशीच राहते.

अनिकेत_सां

माझ्या लेखाचं शोधवाक्य, डीओआयची यादी आणि थिसॉरस फाइल या आठवड्यात तिथे चढवतो. आकडेमोड, तुम्हाला वेळ असेल तर रिझोल्यूशन बदलून बघाल का? दुवा इथेच देतो.

आकडेमोड

नक्की. उंबरठाही बदलून बघतो. वापरलेली आवृत्ती तेवढी सोबत लिहा.